धान्यावरची जकात कोणी उठवली?

जुन्नरच्या पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवर घाटघर आहे. अकोले तालुक्यातले, वीजप्रकल्पाचे घाटघर ते वेगळे. हे जीवधन किल्ल्याच्या पायथ्याचे, महादेव कोळ्यांच्या वस्तीचे. गावापुढे पठार एकदम संपते आणि नाणेघाटाची खिंड खाली कोकणात वैशाखऱ्याकडे उतरते. खिंडीच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. कल्याणच्या बंदरातून माल घेऊन वर येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात सातवाहनांच्या काळी या रांजणात पडायची, असे इथला कोणीही सांगतो. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांच्या वेळी दान दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि हजारो कार्षापणांचा हिशेब त्यात कोरलेला आहे.

१८२८च्या उन्हाळ्यात विल्यम हेन्री साइक्स नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी या लेण्यात पोचला. दख्खनची आकडेवारी गोळा करण्यासाठी मुंबई सरकारने त्याला नेमले होते. पिके, पाऊस, पक्षी, मासे, माणसे, बाजारभाव असे जे जे मोजता येईल ते तो टिपत फिरत होता. या शिलालेखाकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष वळले ते त्याच्यामुळे.

त्याच १८२८ साली लंडनच्या पार्लमेंटात परदेशी गव्हावरच्या जकातीचा नवा कायदा मंजूर झाला. ब्रिटनमधले हे धान्य-कायदे १८४६ साली रद्द झाले. ते का रद्द झाले याचे उत्तर पाठ्यपुस्तकात दोन ओळींत मिळते: आयर्लंडमध्ये बटाटा सडला आणि पंतप्रधान पील यांचे मन बदलले. पण ज्या माणसांनी आणि ज्या विचारांनी ते कायदे पाडले त्यांतली काही आपल्याकडेही आली. पुणे जिल्ह्याचा शेतसारा, घाटातले जकातनाके, कोकणातले मीठ आणि १८७६चा दुष्काळ या सगळ्यांवर त्यांचा हात फिरला. म्हणून ही गोष्ट घाटघरच्या बाजूनेही सांगता येते, आणि त्या बाजूने ती जरा निराळी दिसते.

८० शिलिंगांचा बांध

नेपोलियनशी चाललेल्या लढायांच्या काळात युरोपातून ब्रिटनला येणाऱ्या धान्याची आवक वारंवार तुटली. भाव चढले. जमीनदारांनी माळरानेही नांगराखाली आणली, खंड वाढवले आणि वाढत्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्जे काढली. १८१५ साली लढाई संपली आणि बाल्टिक किनाऱ्यावरचा स्वस्त गहू पुन्हा बंदरांत उतरण्याची वेळ आली. पार्लमेंटात तेव्हा जमीनदारच बसत होते. त्यांनी कायदा केला की देशी गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे सुमारे २१८ किलोला, ८० शिलिंगांपर्यंत चढल्याशिवाय परदेशी गहू बाजारात यायचा नाही. कायद्याची चर्चा चालू असताना लंडनमध्ये दंगे झाले आणि पार्लमेंटभोवती सैनिक उभे करावे लागले. चार वर्षांनी, १८१९च्या ऑगस्टमध्ये, मँचेस्टरच्या सेंट पीटर मैदानावरच्या सभेवर घोडदळ घातले गेले. तिथल्या मागण्यांत मतदानाच्या हक्काबरोबर धान्य-कायदा रद्द करण्याचीही मागणी होती.

जमीनदारांची बाजू निव्वळ स्वार्थाची होती असेही नाही. देशाने आपले धान्य आपण पिकवावे, लढाईच्या वेळी परक्याच्या तोंडाकडे पाहू नये, या म्हणण्यात तथ्य होते. अर्थशास्त्रज्ञ माल्थस यांनीही त्याला पाठिंबा दिला. त्यांचे मित्र डेव्हिड रिकार्डो यांनी मात्र त्याच वर्षी एक छोटा निबंध लिहून या युक्तिवादाच्या मुळावर घाव घातला. लोकसंख्या वाढते तसतशी हलकी जमीन कसावी लागते. धान्याचा भाव त्या सर्वांत हलक्या जमिनीच्या खर्चावर ठरतो. चांगल्या जमिनीचा खर्च कमी, पण भाव तोच, म्हणून मधला फरक खंडाच्या रूपाने मालकाच्या खिशात जातो. धान्य महाग म्हणून मजुरी वाढवावी लागते, मजुरी वाढली की कारखानदाराचा नफा घटतो. सगळ्यांचे नुकसान होत असताना काही न करता श्रीमंत होतो तो फक्त जमीनदार. परदेशी धान्य अडवणारा कायदा ही प्रक्रिया आणखी वेगाने घडवतो, असे रिकार्डोंचे म्हणणे.

१८२८च्या कायद्याने सरसकट बंदी जाऊन सरकती जकात आली. भाव उतरला की जकात चढायची, भाव ७३ शिलिंगांवर गेला की ती नाममात्र एक शिलिंग व्हायची. कागदावर हे शहाणपणाचे दिसत होते. व्यवहारात झाले असे की व्यापारी परदेशी गहू गोदामात दाबून ठेवत आणि भाव चढण्याची वाट पाहत. भाव वर गेला, जकात कोसळली, की सगळे एकदम गोदामे उघडत आणि बाजार आपटे. खाणाऱ्याला महाग पडले, पिकवणाऱ्यालाही स्थिर भाव मिळाला नाही.

माल्थसचा विद्यार्थी पुण्यात

रिकार्डोंचा सिद्धांत इंग्लंडच्या कायद्यात शिरायला तीस वर्षे लागली. पुणे जिल्ह्यात तो त्याच्या आधीच येऊन पोचला होता.

कंपनीच्या मुलकी नोकरांना शिकवण्यासाठी इंग्लंडमध्ये हेलीबरी येथे एक कॉलेज होते. तिथे १८०५पासून १८३४पर्यंत माल्थस प्राध्यापक होते. धान्य-कायद्यावर रिकार्डोंशी त्यांचे मतभेद होते, पण खंडाचा सिद्धांत दोघांचा मिळताजुळता होता आणि वर्गात तो शिकवला जात होता. त्या वर्गातून निघालेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण अधिकारी पुण्याला आला आणि १८२७-२८च्या सुमारास जिल्ह्याच्या मोजणी-आकारणीचे काम त्याच्याकडे गेले. प्रत्येक जमिनीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून बी, बैल, मजुरी यांचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नातला ५५ टक्के हिस्सा सरकारने घ्यायचा, असे त्याचे गणित होते. सिद्धांत बिनचूक होता. मोजणी करणारे कारकून मात्र लाच खाणारे, पिकांचे अंदाज हवेतले, आणि धान्याचे भाव पेशवाई बुडाल्यापासून उतरत चाललेले. पेशव्यांच्या फौजा मोडल्या, दरबार उठला, धान्याचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले. सारा रोखीत द्यायचा आणि रोख मिळवून देणारा भाव नाही, अशा कात्रीत कुणबी सापडला. कित्येक ठिकाणी शेते पडीक टाकून लोक निघून गेले. सरकारला ही आकारणी गुंडाळावी लागली. १८३५-३६ साली इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने, जास्त व्यवहारी पद्धतीने काम सुरू केले.

यातली मेख लक्षात घेण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये खंडाचा सिद्धांत जमीनदाराच्या विरोधात वापरला गेला: तो फुकट खातो, त्याचे संरक्षण काढून घ्या. पुण्यात जमीनदाराच्या जागी खुद्द सरकार बसले होते. तिथे तोच सिद्धांत सरकारने किती घ्यावे हे ठरवण्यासाठी वापरला गेला.

हुंडेकऱ्यांचा रस्ता

आता जकातीकडे येऊ. मराठी राज्यात जकात होतीच, आणि ती केवळ खजिना भरण्यासाठी नव्हती. पोर्तुगीज अमलातल्या बारदेशाचे स्वस्त मीठ येऊन संगमेश्वराकडच्या मिठाचा बाजार बसू नये म्हणून शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सुभेदाराला बारदेशी मिठावर जबर जकात बसवण्याचा हुकूम दिला होता. देशी उत्पादकाला संरक्षण ही कल्पना आपल्याला इंग्रजांकडून शिकावी लागली नाही.

पेशवाईच्या शेवटी मात्र जकातीचे जाळे फार दाट झाले होते. माल भरताना थळभरीत, उतरवताना थळमोड, आणि मधल्या प्रत्येक हद्दीत वाटेची जकात. नाके मक्त्याने दिलेले, त्यामुळे मक्तेदाराचे लक्ष वसुलीवर. यातून हुंडेकरी नावाचा धंदाच उभा राहिला. व्यापारी माल हुंडेकऱ्याच्या हवाली करी आणि एक ठोक रक्कम ठरवी. वाटेतल्या सगळ्या नाक्यांची देणी चुकवत माल मुक्कामाला पोचवणे ही हुंडेकऱ्याची जबाबदारी. नाणेघाटातून बैलांच्या पाठीवर देशावरचे धान्य खाली उतरे आणि कोकणचे मीठ वर चढे. १८१८नंतर झेंडा बदलला तरी नाके तसेच राहिले.

ते उठवण्याच्या मागे जो माणूस होता त्याचे नाव चार्ल्स ट्रेव्हेल्यन. मेकॉलेचा हा मेहुणा. १८३४ साली त्याने बंगाल इलाख्यातल्या अंतर्गत जकातीवर एक सणसणीत अहवाल लिहिला. सरकारला मिळते थोडे, चौकीवरचे शिपाई लाचेवर जगतात, व्यापाऱ्याचा वेळ आणि पैसा जातो आणि देशी मालच देशात महाग होतो, हे त्याने पुराव्यानिशी दाखवले. बंगालमध्ये १८३६ साली आणि मुंबई इलाख्यात १८३८ साली वाटेची जकात रद्द झाली. १८४४ साली मुंबई इलाख्यातल्या शहर-जकाती, दुकानदार-कारागिरांवरचा मोहतर्फा आणि बलुत्यांवरचे करही गेले. ब्रिटनचे धान्य-कायदे रद्द होण्याच्या आठ वर्षे आधी सह्याद्रीचे घाट जकातमुक्त झाले होते.

मग सरकारचे उत्पन्न बुडाले का? तसे होऊ दिले गेले नाही. १८३७ साली मुंबई इलाख्यात मिठावर मणाला आठ आणे कर बसला. १८४४ साली तो एकदम रुपया झाला. सुरतेला लोक रस्त्यावर आले, मोठी दंगल झाली, तेव्हा सरकारने चार आणे मागे घेतले. घाटमाथ्यावरचा नाका गेला आणि तो मिठागरावर जाऊन बसला. व्यापाऱ्याची कटकट संपली; मिठाशिवाय ज्याचे चालत नाही आणि दरबारात ज्याला जागा नाही, त्याने तिची किंमत भरली. घाटघरच्या कोळ्याला मीठ पूर्वीही विकत घ्यावे लागत होते आणि आताही. याच वर्षांत या डोंगरपट्ट्यात बंडखोर राघोजी भांगरे सावकार आणि सरकार या दोघांच्याही मागे लागला होता. १८४८ साली ठाण्याला त्याला फाशी झाली.

गिरणीवाल्यांचा मोर्चा

मँचेस्टरकडे जाऊ. १८३२च्या सुधारणा कायद्याने या गिरण्यांच्या शहराला पार्लमेंटात दोन जागा मिळाल्या. त्यापूर्वी एवढ्या मोठ्या शहराचा स्वतःचा प्रतिनिधीच नव्हता. १८३८ साली इथल्या व्यापाऱ्यांनी धान्य-कायदाविरोधी संघटना काढली आणि पुढच्या वर्षी तिची देशव्यापी लीग झाली. रिचर्ड कॉब्डेन हा छापील कापडाचा कारखानदार तिचा मेंदू, आणि जॉन ब्राइट हा गिरणीमालकाचा मुलगा तिचा आवाज.

राजकीय प्रचाराचे आजचे जवळपास सगळे मार्ग या लीगने तेव्हा वापरले. पगारी व्याख्याते गावोगाव फिरले. १८४० साली एका पेनीत पत्र पोचवणारी टपाल सुरू झाली आणि लीगची पत्रके लाखांच्या संख्येने घराघरांत जाऊ लागली. जमिनीचा छोटा तुकडा विकत घेतला की मताचा हक्क मिळतो हे हेरून लीगने आपल्या माणसांना असे तुकडे घ्यायला लावले आणि मतदारयाद्या पालटल्या. वर्गणीची उद्दिष्टे ५० हजार पौंडांवरून एक लाखावर आणि मग अडीच लाखांवर गेली. १८४३ साली जेम्स विल्सन या टोप्यांच्या कारखानदाराने मुक्त व्यापाराच्या प्रचारासाठी ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक काढले. हे नाव ध्यानात ठेवावे.

लीगची भाषा गरिबाच्या भाकरीची होती. गरीब मात्र तिच्याकडे संशयानेच पाहत. सर्वांना मतदानाचा हक्क मागणारे चार्टिस्ट कामगार विचारत की भाकरी स्वस्त झाल्यावर मालक मजुरीही उतरवणार नाहीत कशावरून? गिरणीमालकांचे दुसरेही एक गणित होते. परदेशाने आपला गहू ब्रिटनला विकला तरच त्याच्या हातात ब्रिटिश कापड घ्यायला पैसा येईल. बाजार हवा असेल तर बंदर उघडा. हिंदुस्थानात हा बाजार आधीच उघडलेला होता. मँचेस्टरचे कापड नाममात्र जकातीवर मुंबईत उतरत होते आणि इथल्या विणकराचा माग थांबत चालला होता. १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रे लिहून इंग्रजी राज्य आणि इंग्रजी व्यापार या देशाची संपत्ती कशी ओढून नेतात हे रोखठोक मांडले. कॉब्डेन मँचेस्टरमध्ये गरिबाच्या वतीने बोलत होता त्याच दिवसांत मुंबईचा एक मराठी तरुण त्या व्यापाराचा दुसरा ताळेबंद मांडत होता.

पंतप्रधान रॉबर्ट पील १८४१ साली निवडून आले ते जमीनदारांच्या पक्षाचे नेते म्हणून, धान्य-कायद्यांचे राखणदार म्हणून. पण पील आकडे पाहणारा माणूस होता. १८४२ साली त्यांनी शांततेच्या काळात प्रथमच आयकर आणला. त्यामुळे सरकारचे पोट जकातींवर अवलंबून राहिले नाही आणि शेकडो वस्तूंवरची जकात कमी करता आली. हे कारण पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही, पण दुसरीकडून पैसा मिळण्याची सोय झाल्याशिवाय कोणतेही सरकार जकात सोडत नाही. मुंबईत ती सोय मिठाने केली, लंडनमध्ये श्रीमंतांच्या उत्पन्नाने. फरक एवढाच होता, आणि तो फार मोठा होता.

१८४५च्या मार्चमध्ये कॉब्डेनने केलेल्या एका भाषणाला आपल्याकडे उत्तर नाही, असे पील यांनी शेजारच्या सहकाऱ्याला सांगितल्याची आख्यायिका आहे. तोवर त्यांचे मन पालटत आले होते. मग शरद ऋतूत आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. लाखो आयरिश कुटुंबे वर्षभर बटाट्यावरच जगत. पील यांनी अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका गुपचूप मागवला आणि मंत्रिमंडळापुढे धान्य-कायदे उठवण्याचा प्रस्ताव ठेवला. सहकारी तयार नव्हते. डिसेंबरात त्यांनी राजीनामा दिला. विरोधी नेते लॉर्ड जॉन रसेल यांना सरकार बनवता आले नाही. पील परत आले. १५ मे १८४६ रोजी विधेयक ३२७ विरुद्ध २२९ मतांनी कॉमन्समध्ये मंजूर झाले. पील यांच्या पक्षातल्या सुमारे दोनतृतीयांश सभासदांनी त्यांच्याविरुद्ध मत दिले. लॉर्ड्सच्या सभागृहातून ते २५ जूनला पार पडले ते तिथले ज्येष्ठ पुढारी वेलिंग्टन यांच्या वजनामुळे. त्याच रात्री दुसऱ्या एका विधेयकावर कॉमन्समध्ये पील यांचा पराभव झाला आणि चार दिवसांत ते सत्तेबाहेर गेले. जकात तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरली आणि फेब्रुवारी १८४९पासून नाममात्र एक शिलिंग उरली.

मग कारण कोणते धरायचे? आयरिश दुष्काळाने वेळ ठरवली, निर्णय त्याआधीच पिकत आला होता. आयकराने तिजोरीची भीती घालवली. रिकार्डोंच्या सिद्धांताने पील यांच्यासारख्यांना बौद्धिक आधार दिला. बऱ्याच जमीनदारांचा पैसा तोवर रेल्वेत आणि खाणींत गुंतला होता, त्यामुळे गव्हाच्या भावावरच त्यांचे सारे अवलंबून नव्हते. शिवाय जमिनीचा निचरा सुधारण्यासाठी त्यांना सरकारी कर्जेही देऊ केली गेली. पण या सगळ्याला धार आली ती एका गोष्टीमुळे. १८१५ साली धान्याचा भाव भरणाऱ्यांच्या बाजूने पार्लमेंटात कोणी नव्हते. १८४६ साली गिरणीवाला तिथे बसला होता, आणि स्वतःच्या हिशेबासाठी का होईना, पण भाकरी खाणाऱ्याचे हित त्याच्या हिताशी जुळले होते. सवलत न देता उठाव ओढवून घेण्यापेक्षा सवलत देऊन बाकीची सत्ता राखावी, हे पील यांच्यासारख्या मुरब्बी माणसाला कळले. त्यामुळे कायदा पडला.

तीन अधिकारी, तीन दुष्काळ

आयर्लंडला या विजयाचा फारसा उपयोग झाला नाही. पील गेल्यावर रसेल यांचे सरकार आले आणि मदतकार्याची सूत्रे अर्थखात्यातल्या एका उच्च अधिकाऱ्याच्या हाती एकवटली. तो होता चार्ल्स ट्रेव्हेल्यन, बंगालच्या जकातीवर अहवाल लिहिणारा. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, बाजार आपोआप पुरवठा करील, या तत्त्वावर त्याची अढळ श्रद्धा होती. भुकेल्या आयर्लंडमधून धान्य आणि गुरे इंग्लंडला जात राहिली. सुमारे दहा लाख माणसे मेली, आणखी तितकीच देश सोडून गेली. ट्रेव्हेल्यनला १८४८ साली ‘सर’ हा किताब मिळाला.

नाक्यावरच्या लाचखोरीविरुद्ध लिहिताना जे तत्त्व लोकांच्या सोयीचे होते, तेच उपाशी माणसासमोर निर्दय ठरले. बाजारात धान्य मागणीच्या मागे जाते, आणि मागणी म्हणजे पोटातली भूक नव्हे, खिशातला पैसा. ज्याच्याकडे पैसा नाही त्याची मागणी बाजाराला ऐकू येत नाही.

१८५९च्या अखेरीस ‘द इकॉनॉमिस्ट’चे संस्थापक जेम्स विल्सन हिंदुस्थानचे अर्थमंत्री म्हणून कलकत्त्यात उतरले. १८६० साली त्यांनी इथे आयकर आणला आणि त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाताखाली एक होतकरू अधिकारी होता, रिचर्ड टेंपल. १८७३-७४ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा टेंपलने ब्रह्मदेशातून सुमारे साडेचार लाख टन तांदूळ आणवला. माणसे फारशी मेली नाहीत. शाबासकी मिळण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका आला, आणि टीका करणाऱ्यांत ‘द इकॉनॉमिस्ट’ही होता.

टेंपल हा धडा शिकला. १८७६ साली दख्खनला पावसाने दगा दिला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन दिल्लीच्या दरबाराच्या तयारीत होते; पुढच्या जानेवारीत त्यांनी टेंपलला दुष्काळी भागांच्या दौऱ्यावर पाठवले. मदतकामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि एक आणा, एवढ्यावर मजुरी आणावी, असा त्याचा दंडक झाला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला इतके पुरत नाही हे कोणत्याही शेतकऱ्याच्या बायकोने सांगितले असते. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जांवर अर्ज पाठवले. सभेचे ‘सार्वजनिक काका’, गणेश वासुदेव जोशी, हाताने विणलेल्या खादीच्या वेषात दिल्ली दरबारालाही गेले होते.

हा दुष्काळ वाटेची जकात उठलेल्या मुलखात पडला होता. नाणेघाटात नाका नव्हता. १८६३पासून बोर घाटातून रेल्वे धावत होती. तिच्यासाठी एके काळी माळशेज घाटाचाही विचार झाला होता, पण रूळ बोर आणि थळ घाटांतून गेले आणि जुन्नरचे घाट बाजूला पडले. रेल्वेने उत्तरेकडून धान्य आणले हे खरे, आणि ते आले नसते तर स्थिती आणखी वाईट झाली असती हेही खरे. पण आलेले धान्य मजुराच्या आवाक्यात नव्हते. दुसरीकडे हिंदुस्थानचा गहू ब्रिटनला जातच होता. सुवेझचा कालवा १८६९ साली उघडला होता आणि गव्हावरची निर्यात-जकात १८७३ साली उठली होती. धान्य-कायदे रद्द झाल्यावर ब्रिटनने ज्या ज्या शेतांतला गहू खायला सुरुवात केली त्यांत आता आपलीही शेते होती. ब्रिटिश हिंदुस्थानात या दुष्काळाने पन्नास लाखांहून जास्त माणसे नेली असा अंदाज आहे.

त्याच सुमारास मुंबई इलाख्यातला मिठावरचा कर मणाला एक रुपया तेरा आण्यांवरून अडीच रुपयांवर गेला. मार्च १८७९मध्ये लिटननी आपल्या मंडळाचे बहुमत झुगारून जाड्याभरड्या विलायती कापडावरची आयात-जकात उठवली. मँचेस्टरला मोकळीक आणि मिठाला चढता कर, हे एकाच तिजोरीचे दोन निर्णय होते. कापडावरची ही जकात उठण्याच्या महिनाभर आधी, दुष्काळाने होरपळलेल्या मुलखात फिरून आलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला दरोडा घातला होता. टेंपल तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता.

या सगळ्याचा बौद्धिक समाचार घेतला तो न्यायमूर्ती रानड्यांनी. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितले की इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम हे गुरुत्वाकर्षणासारखे सर्वत्र लागू पडणारे नियम नाहीत. ते एका देशाच्या एका अवस्थेतून निघाले आहेत आणि दुसऱ्या देशाने आपली परिस्थिती पाहून त्यांचे मोल ठरवावे. जर्मन विचारवंत फ्रिडरिख लिस्ट यांचा दाखला त्यांनी दिला. रानडे व्यापाराचे शत्रू नव्हते. ज्याला व्यापारात आवाज नाही त्याच्यावर व्यापाराचे शास्त्र लादू नका, एवढे ते सांगत होते.

आजचा नाका

हा सगळा इतिहास जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला परका वाटायचे कारण नाही. ओतूर, आळेफाटा, मंचरच्या बाजारांत कांदा विकणाऱ्याला जकातीचे राजकारण चांगले कळते. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदी आली, २०२४च्या मेमध्ये बंदी उठली तरी शुल्क राहिले, सप्टेंबरात ते २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ला गेले. ब्रिटनचे धान्य-कायदे बाहेरचे धान्य अडवून पिकवणाऱ्या मालकाला भाव देत होते. इथे घरचा कांदा अडवून खाणाऱ्याला स्वस्ताई दिली गेली. दिशा उलटी आहे, तर्क तोच आहे: ज्याच्या रागाची सरकारला जास्त धास्ती, त्याच्या बाजूने तराजू झुकतो.

म्हणून ‘मुक्त व्यापार चांगला की संरक्षण चांगले’ हा वाद घालत बसण्यात फारसा अर्थ नाही. शिवाजी महाराजांची मिठावरची जकात संगमेश्वरच्या मिठागरवाल्याला वाचवण्यासाठी होती आणि १८१५च्या कायद्याने मँचेस्टरचा मजूर उपाशी राहिला. मुक्त व्यापाराने इंग्रज मजुराची भाकरी पुढे स्वस्त झाली, आणि त्याच तत्त्वाचा हवाला देऊन दख्खनचा मजूर मरू दिला गेला. १८४६ साली ब्रिटनमध्ये न्याय झाला तो भरणाऱ्यांपैकी काहींच्या हातात मत आले होते म्हणून. १८७७ साली पुणे जिल्ह्यात तो झाला नाही, कारण इथे अर्ज होते, मत नव्हते. आज मत आहे. आयात-निर्यात शुल्काची पुढची अधिसूचना निघेल तेव्हा ती कोणाला विचारून निघाली, हे विचारण्याचा हक्क पिकवणाऱ्यांनी आणि खाणाऱ्यांनी मिळून बजावला पाहिजे.